दोन फाटकं

लाडूने रिकामं भांडं नाकाने ढकललं. ते फरशीवरून घासत गेलं आणि भिंतीला लागून थांबलं. दुपारभर घरात तेवढाच आवाज झाला असेल. ऋचा झोपली होती. पट्टी बांधलेला उजवा हात तिच्या अंगाखाली जाऊ नये म्हणून मी तिला टेकून बसले होते आणि संध्याकाळी काय बोलायचं ते बसल्या बसल्या जमेल तसं लिहीत होते.

लाडू शेपटी हलवत माझ्याकडे बघत उभी राहिली. ऊन खिडकीच्या खालच्या गजावर आलं की तिला मैदान आठवतं. चौकीदाराचा कुत्रा भुऱ्या ऋचाला चावला त्या दिवसापासून मी लाडूला नेलंच नव्हतं.

"आज जाऊ," मी हळूच म्हटलं. "पण खेळायला नाही हं."

आज मैदानावर बैठक होती. भुऱ्याला ठेवायचं की घालवायचं ते ठरणार होतं. माझ्या मुलीला तो चावला होता, त्यामुळे मी काय बोलणार हे सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं.

मैदान म्हणजे धामणगाव रोडवरच्या बंद जिनिंग कारखान्याचं आवार. दोन हंगाम तिथले रेचे फिरले नव्हते. कापूसच येईना, तर सरकी कशातून काढणार? ज्या ओट्यांवर पूर्वी कापसाच्या गंज्या लागायच्या, त्यांच्या भेगांतून गवत आलं होतं. भिंत मात्र चहूकडून उंच आणि धड. आमच्या कॉलनीतले अनंतकाका जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले. घरात ते आणि त्यांची म्हातारी कुत्री राणी, दोघंच. रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या भीतीने राणीला फिरवताना एका हातात साखळी, दुसऱ्यात काठी, असं वर्षभर केल्यावर त्यांनी एक दिवस त्या भिंतीकडे बघितलं आणि त्यांच्या डोक्यात हे आलं. सकाळी नि संध्याकाळी कुत्री मोकळी सोडायची, बदल्यात आवार आपण साफ ठेवायचं. नागपूरला राहणाऱ्या मालक सेठना त्यांनी फोनवरच पटवलं.

मग आम्ही दहा-बारा घरांनी मिळून ते उभं केलं. काचा वेचल्या. गंजलेल्या तारा उपटल्या. आग विझवायला बांधलेला हौद जाळीने झाकला. ऋचा तेव्हा नुकती शाळेत जायला लागलेली. ती सोबत असली की काम कमी आणि राखण जास्त, तरी ती तिच्या लहानशा घमेल्यातून खडे नेऊन टाकायची. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे फाटक. आवाराच्या मोठ्या दारातून आत आलं की दहा पावलांवर आम्ही पत्र्याचं आणि जाळीचं दुसरं फाटक बसवलं. बाहेरचं लागल्याशिवाय आतलं उघडायचं नाही. कुत्र्याचा पट्टा काढायचा तो दोन फाटकांच्या मधल्या जागेत. काकांनी वजनकाट्याच्या खोलीवर हे नियम स्वतःच्या हाताने रंगवले, अक्षर इतकं वळणदार की लोक आधी अक्षराचं कौतुक करत आणि मग नियम वाचत.

त्या मधल्या जागेला लागूनच चौकीदाराची खोली होती. देवीलालभाऊ आणि जमनीबाई तिथे राहत. मूळचे फुलसावंगीकडच्या बंजारा तांड्यावरचे. आणि त्यांचा कुत्रा भुऱ्या, राखेच्या रंगाचा, लांब पायांचा, गळ्यात एक पितळी घुंगरू. आम्ही आलो तेव्हा तो त्या सगळ्या आवाराचा मालक असल्यासारखा कापसाच्या ओट्यावर बसून आमच्याकडे बघत होता. भुंकला नाही. आमच्या कुत्र्यांना तो वाटेल तेवढं पळू द्यायचा, आणि कुणी फार माजलं की उठून त्याच्यासमोर नुसता उभा राहायचा.

आमच्यातल्या रजनीताईंचा ब्रूनो त्याला भ्यायचा. एवढा थोरला लॅब्रॅडोर, पण भुऱ्या उठला की तो त्यांच्या साडीत शिरायचा. त्यात भुऱ्याला ना पट्टा, ना कुणी धरणारं. नियम सगळ्यांना सारखे, असं ठरलं. संध्याकाळी आम्ही असू तेवढा वेळ भुऱ्याला बांधून ठेवायचं.

देवीलालभाऊ लगेच हो म्हणाले. "बांधतो ना साहेब. त्यात काय."

एवढंच. जमनीबाई मात्र पदराचं टोक दातात धरून उभ्या होत्या. नंतर मला एकटीला म्हणाल्या, "आमच्या तांड्यात कुत्र्याले बांधत नाईत, बाई. बैलाले बांधते, बकरीले बांधते. कुत्र्याले काहून बांधाव?"

मी हसले होते. म्हटलं, तासाभराचा तर प्रश्न आहे.

पहिल्या दिवशी भुऱ्या दोराच्या टोकापर्यंत गेला, थांबला, आणि कडेकडेने अर्धं वर्तुळ चालला. मग परत. तसाच रोज. महिनाभरात खोलीसमोरच्या मातीत एक गुळगुळीत चंद्रकोर उमटली. चावला त्या दिवशी मी मधल्या जागेत लाडूचा पट्टा काढत होते, तोवर ऋचा बिस्किट घेऊन त्याच्याकडे गेली. तिला वाटलं, हा एकटाच खेळत नाही. तो मागे सरला. ती पुढे गेली. तो आणखी मागे सरला, आणि दोर संपला.

जमनीबाई "ये याडी!" असं आईच्या नावाने ओरडत धावत आल्या. मी तिथेच साबणाने ऋचाचा हात धूत होते आणि त्या हंडा उचलून माझ्या ओंजळीवर पाणी ओतत होत्या. जखम फार खोल नव्हती. भुऱ्याला लस टोचलेली होती, काकांनीच टोचून घेतली होती, तरी डॉक्टरांनी ऋचाला इंजेक्शनं सुरू केली. ती दवाखान्यात रडली नाही. घरी येऊन विचारलं, "भुऱ्याला पण दुखलं का?"

दुसऱ्या दिवशी जमनीबाई दारात आल्या. हातात पिशवीभर ओल्या तुरीच्या शेंगा.

"छोरी कशी हाय?"

"बरी आहे. आत या ना."

"नाई, पाय भरले हायेत." त्या उंबऱ्याबाहेरच बसल्या. "त्याले नेतीन का थे लोक?"

"भुऱ्याला? बैठकीत ठरेल."

"त्याले नेलं तं आमाले बी जा लागते."

"असं कसं? तुमचा काय संबंध?"

त्यांनी एक शेंग फोडली, दाणे हातातच ठेवले. जिन्याकडे एकदा बघून घेतलं.

"तुमाले एकटीले सांगून राह्यली. आमच्या यायले संध्याकाळचं दिसत नाई, बाई. पोळ्याच्या टायमाले भावाच्या वावरात फवाऱ्यावर गेलते. कपाशी डोक्याच्या वर गेलती, सारं तोंडावर आलं. घरी आले तं उलट्या. दवाखान्यात होते, वाचले. पण डोळे गेले. दिवसा सावल्या दिसते. दिवे लागले का कायीच नाई."

त्या वर्षी फवारणीच्या विषाने किती घरांत असं झालं ते आम्ही पेपरात वाचत होतो. सकाळच्या चहाबरोबर वाचत होतो आणि संध्याकाळी त्यातल्याच एका माणसाने उघडलेल्या दारातून आत जात होतो.

"मग रात्रीची गस्त?"

"भुऱ्या घालते." त्या हसल्या, खरंच हसल्या. "थो समोर, हे मांगं. त्याच्या घुंगरावर चालते. कोपरा आला का थो थांबते. खड्डा आला का आडवा होते. सेठले वाटते देवीलाल मोठा इमानदार, एक रात चुकवत नाई! आन् तुमी त्याले दिवे लागाच्या टायमालेच बांधता. मंग हे बी खाटेवर बसून राह्यते. उठत नाई, पानी बी मांगत नाई."

"आम्हाला सांगायचं ना, जमनीबाई."

"काय सांगाव? आंधळा चौकीदार कोन ठेवते?" दाणे त्यांनी माझ्या हातात ओतले. "कोनाले बोलू नोका. तुमाले छोरीची आन हाय."

मी नवऱ्याला, सलीललाही बोलले नाही. तसाही तो घरी कुठे असायचा. महसूल खात्यात नोकरी, आणि ते बोंडअळीचं वर्ष. दिवसभर शेतांतून पंचनामे. मुकुटबनपर्यंत जाऊन यायचा आणि बुटात माती घेऊन सोफ्यावर तसाच पडायचा. कधी खिशात एखादं बोंड राहून गेलेलं असायचं. ऋचाने एकदा ते डाव्या हाताने सोललं. आत पांढऱ्याऐवजी तपकिरी चिकटा आणि एक गुलाबी अळी.

"ही आत काहून गेली?" तिने विचारलं. 'का'ऐवजी काहून हा शब्द तिने जमनीबाईंकडून उचलला होता आणि आता तिला दुसरा चालत नव्हता.

"खायला," सलील डोळे मिटूनच म्हणाला. मग मला म्हणाला, "बैठकीत तू बोल. आपल्या पोरीला चावलंय. उगाच मऊ पडू नकोस."

मी बोलणारच होते. काय बोलायचं ते दिवसभर मनात लावत होते.

शेजारच्या कौसल्याबाईंकडे ऋचाला ठेवून मी लाडूला घेऊन निघाले. थंडीचे दिवस. पोचेपर्यंत उजेड मंदावत होता. भुऱ्या बांधलेला होता. मला बघून तो उठला आणि चंद्रकोरीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसला. देवीलालभाऊ खाटेवर. "कोन, अनघाबाई का?" त्यांनी विचारलं, आणि आजवर मला जे नुसतं आदबशीर वाटायचं त्याचा अर्थ मला कळला. ते लाडूच्या पट्ट्याच्या आवाजावरून ओळखत होते.

आत मंडळी वजनकाट्यासमोरच्या ओट्यावर बसली होती. कुत्री मैदानाच्या टोकाला धुळीत पळत होती. मोबाईलचं दुकान असलेला गोविंदा माझ्यामागून आला आणि नियमाप्रमाणे आतलं फाटक नीट कडी घालून लावून आला.

"हात कसा आहे गं तिचा?" रजनीताईंनी मला जवळ बसवून घेतलं. "मला तर रात्रभर झोप नाही. ब्रूनोऐवजी लेकरू सापडलं."

"बरा आहे, ताई."

"तर आता," अनंतकाका म्हणाले, "भावनेत न जाता बोलू. ही जागा आपल्याला विश्वासाने मिळालीय. उद्या दुसऱ्या कुणाच्या मुलाला चावला तर सेठ कुलूप लावतील, आणि ते बरोबरच असेल. देवीलालने त्याला गावी, तांड्यावर सोडावं. गाडीभाडं आपण देऊ."

"काका, आमच्या पग कुत्र्याले भुऱ्यानं नुसतं हुंगलं, तरी थो दोन दिवस तापला," गोविंदा म्हणाला. दोघंतिघं हसले.

"मला बोलायचंय," मी म्हटलं. "त्याला तांड्यावर पाठवू नका, आणि बांधूही नका. बांधला नव्हता तेव्हा तो कुणाला चावला? त्या दिवशी तो मागे जात होता. दोर संपला म्हणून चावला. आपण त्याला मोकळं सोडू. आपल्या कुत्र्यांसारखंच. ही जागा त्याचीच होती आधी."

"अनघा, तुझ्याच मुलीला चावलाय ना गं?" रजनीताई माझ्याकडे बघतच राहिल्या.

"म्हणूनच म्हणतेय."

"तू आई आहेस, तुझं मन मोठं आहे," काका म्हणाले. "पण त्याला एवढं ठेवायलाच हवं असं काय आहे? कारण सांग ना काहीतरी."

कारण माझ्या जिभेवर होतं. तुरीचे दाणे ओतणारा तो हात दिसत होता. मी गप्प राहिले, आणि माझं गप्प राहणं सगळ्यांना कारण नसण्यासारखं दिसलं असणार.

"देवीलाललाच विचारू," काका म्हणाले आणि त्यांनी हाक मारली. "देवीलाल! अरे, जरा इकडे ये रे!"

त्या हाकेने काय होणार ते मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा देवीलालभाऊ खाटेवरून उठले होते. पायाने चप्पल शोधली. भुऱ्याही उठला, घुंगरू वाजलं, पण दोर. देवीलालभाऊ ताठ चालत निघाले, हात जराही पुढे न करता, आपल्या अंगणात चालणाऱ्या माणसासारखे. जिनिंगचा कोपरा न् कोपरा त्यांना पाठ होता. आमचं फाटक मात्र नवं, कधी उघडं, कधी लावलेलं.

मी उभी राहिले. धावत जाऊन कडी काढली तर सगळे विचारणार, का गं? "लाडूला बघते," असं काहीतरी पुटपुटत मी फाटकाकडे चालायला लागले. चालायला. पळायला हवं होतं ते मी चालले.

ते बंद फाटकावर तोंडावरच आदळले. पत्रा केवढ्याने वाजला. मैदानाच्या टोकाची कुत्री पळायची थांबली. आणि भुऱ्या भुंकला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. तो दोराला असा हिसडे देत होता की खुंटी हलत होती.

"काई नाई, काई नाई," देवीलालभाऊ हसत म्हणाले. नाकातून रक्त येत होतं आणि ते आमच्यापैकी कुणाकडेच न बघता, दोन माणसांच्या मधल्या मोकळ्या जागेकडे बघून हसत होते. "अंधार पडला ना, साहेब."

अंधार पडला नव्हता. गोविंदाच्या शर्टाची बटणंसुद्धा दिसत होती.

काका कडी काढून त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. एक हात त्यांच्या डोळ्यांपुढून नेला. जमनीबाई दारातून धावत आल्या होत्या, त्या जागीच थांबल्या.

"अरे देवा," रजनीताई म्हणाल्या. त्यांनी स्वतःचा धुतलेला रुमाल काढून त्यांच्या नाकाला लावला. "कधीपासून रे? आम्हाला बोलला नाहीस ते!"

मग सगळे चांगले वागले. तेच सांगणं मला जड जातं. कुणी वाकडा शब्द बोललं नाही. कुणी पाणी आणलं, कुणी खुर्ची. काका म्हणाले, सावंगीच्या मोठ्या दवाखान्यात त्यांची ओळख आहे, ते स्वतः घेऊन जातील. आणि म्हणाले, "सेठशीही मी बोलतो."

"नोका, साहेब," देवीलालभाऊ पटकन म्हणाले. "सेठले नोका सांगू."

"अरे, तुझ्या भल्यासाठीच. काही बसून करायचं काम देतील."

"काका," मी म्हटलं, "सेठना सांगू नका. भुऱ्याचा दोर तेवढा सोडा. तो त्यांना नेतो. रात्रभर नेतो. काही अडत नाही त्यांचं."

काका माझ्याकडे वळले. रागावले नव्हते, थकलेले दिसत होते. "तुला ठाऊक होतं?"

मी जमनीबाईंकडे बघितलं. त्या खाली बघत होत्या.

"आणि रात्री शेडला आग लागली तर? विंचू निघाला तर?" काका म्हणाले. "उद्या हौदाची जाळी तुटून आत पडला तर मी कुणाला तोंड दाखवू, अनघा? माहीत नव्हतं तोवर ठीक. आता माहीत आहे."

ते खरंच बोलत होते.

काका त्यांना दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, थोडं सुधारेल, फार आशा धरू नका. काका सेठशीही बोलले. सेठनी हळहळ व्यक्त केली, एका महिन्याचा जास्तीचा पगार दिला आणि संक्रांतीच्या आत नवा चौकीदार पाठवला. बसून करायचं काम बंद जिनिंगमध्ये कुठून असणार?

त्यांच्या जाण्याच्या दिवशी सकाळी मी ऋचाला घेऊन गेले. तिच्या हाताची पट्टी निघाली होती. एक छोटा टेम्पो दाराशी उभा होता. खाट, दोन पेट्या, हंडा, गोधड्यांचं गाठोडं. जमनीबाईंनी भुऱ्याचाच दोर गाठोड्याला आवळला होता.

"तांड्यावर सारं ठाव असते," त्या मला म्हणाल्या. मी काही विचारलं नव्हतं. "तिथं थे चुकत नाईत. भाऊ हाय. लेकरं हायेत हात धराले."

"माझ्यामुळे तर..." मी सुरुवात केली.

"तुमी कोनाले बोल्ल्या नाई. मले मालूम हाय." त्यांनी ऋचाच्या हनुवटीला हात लावला, बोटं स्वतःच्या ओठाला लावली. "येजो छोरी, तांड्यावर. ज्वारीची भाकर देतो तुले."

भुऱ्या मोकळा होता. सगळं सामान चढेपर्यंत तो आवारातून फिरून आला, ओट्यावर चढला, हौदाजवळ थांबला, आमच्या आतल्या फाटकाशी येऊन उभा राहिला. ते तोवर कुणीतरी लावून टाकलं होतं. मी कडी काढली. तो बाहेर आला, ऋचाजवळून जाताना तिच्या हाताला नाक लावलं, आणि देवीलालभाऊंच्या गुडघ्यापुढे जाऊन थांबला. घुंगरू एकदा वाजलं. देवीलालभाऊ निघाले. टेम्पोपर्यंतची ती वाट ते दोघं असे चालले, की न माहीत असणाऱ्याला वाटावं, हा माणूस कुत्रा फिरवतोय.

टेम्पो धामणगाव रोडला लागला. ऋचाने हातातलं बिस्किट कुरतडत सगळ्या मैदानाकडे बघितलं. संध्याकाळी इथे लाडू येणार होती, ब्रूनो येणार होता. आता कुणी कुणाला भिणार नव्हतं.

"आई, आपण मैदान केलं नव्हतं तेव्हा भुऱ्या कुठं पळायचा?"

"इथंच."

तिने खोलीसमोरच्या मातीतल्या त्या चंद्रकोरीवर पाय ठेवला, आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूहळू चालली. टोकाशी थांबून माझ्याकडे वळली.

"मग आता तो काहून गेला?"